भरतीला उभं राहायला जागा

मुंबईत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जायचं असेल तर आधी कालनिर्णय उघडावं, आणि तारीख-वार सोडून तिथी बघावी. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवसाच्या भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब. चतुर्थीला तीनच्या सुमारास पाणी भरणार, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. मोबाइलवर आता मिनिटासकट कोष्टक मिळतं, तरी कुणी विचारलं की माझ्या तोंडून आधी तिथीच येते. वडिलांना ती सवय होती, त्यांच्याकडून ती माझ्याकडे आली.

हे ठाऊक नसलेली माणसं रविवारी मुलाबाळांना घेऊन शिवडीला जातात. भर भरतीला पोचली तर समोर नुसतं पाणी असतं. पूर्ण ओहोटीला पोचली तर चिखल अर्धा-पाऊण किलोमीटर आत उघडा पडलेला असतो आणि पक्षी त्याच्या टोकाला, दुर्बिणीतूनही धड न दिसणारे. पाणी चढायला लागतं तेव्हाचा तास-दीड तास खरा. पुढे सरकणारं पाणी पक्ष्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं, मग माना खाली घालून, खाता खाता मागे मागे सरणारे हजारो रोहित आपल्याला डोळे भरून बघता येतात. थोड्या वेळाने पाणी त्यांच्या पोटाला टेकतं. आणि मग ते उठतात.

उठून कुठे जातात? मला आज याच प्रश्नावर लिहायचं आहे. शिवडीच्या धक्क्यावर पक्षी उडाले की लोक 'वा!' म्हणतात, फोटो काढतात आणि घरी जायला निघतात. पक्ष्यांचा अवघड भाग त्यानंतर सुरू होतो.

शिवडी जिच्या तोंडाशी आहे ती ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. उत्तरेला ठाण्यापाशी ती इतकी अरुंद होते की पुलावरून जाताना खाडी लागली हे कळतही नाही. घोडबंदरच्या बाजूला उल्हास नदीशी तिचा एक चिंचोळा दुवा आहे. दक्षिणेकडे ती रुंदावत मुंबई बंदरात मिसळते. पश्चिमेला मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, मानखुर्द, तुर्भे (ट्रॉम्बे). पूर्वेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर. दोन्ही काठांवर मिळून लाखो लोक राहतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी खाडी फक्त वाशीच्या पुलावरून, हार्बर लोकलच्या खिडकीतून पाहिलेली असते. ऑगस्ट २०१५ मध्ये वाशी आणि ऐरोलीच्या पुलांदरम्यानचा पश्चिमेकडचा पट्टा राज्य सरकारने फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. मालवणनंतरचं महाराष्ट्रातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ साली अभयारण्य आणि भोवतालचा प्रदेश मिळून सुमारे ६५ चौरस किलोमीटरला पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातला हा तिसरा. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात असं स्थळ असणं ही साधी गोष्ट नाही, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

मी राहते मुलुंडला, त्यामुळे माझी खाडी म्हणजे मुख्यतः भांडुपच्या उदंचन केंद्राचा (पंपिंग स्टेशनचा) रस्ता. पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडून आत शिरलं की आधी वास येतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्र जवळ, कांजूरचं डम्पिंग ग्राउंड जवळ, वारा फिरला की नाकाला रुमाल लावावा लागतो. पण उजाडता उजाडता तिथे पोचावं. डावीकडे मिठागरांचे जुने बांध, उजवीकडे तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, दाट हिरवी भिंत, आणि मधल्या उथळ पाण्यात शेकाट्यांचे लांबच लांब गुलाबी पाय. डिसेंबर-जानेवारीत थापट्या बदकं पाण्याला चोच लावून गोल गोल फिरत असतात, तुतवार शेपटी हलवत काठाकाठाने पळतात, चिखल्यांचे थवे वळताना एकदम पांढरे दिसतात आणि पुढच्या वळणाला नाहीसे होतात. दलदलीवरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला की सगळी पाणथळ एकदम उठते.

तिथल्या तिवराचं पान एकदा हातात घेऊन बघा. वरून गडद हिरवं, मागून फिकट. कोरड्या दिवसात पानावर बारीक पांढरे कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट. मुळांतून आत आलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांतल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं. पायाखाली चिखलातून बोटभर जाडीची, वीत-दीड वीत उंचीची शेकडो श्वासमुळं वर आलेली असतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून मुळांनी हवा घ्यायला वर यायचं. ओहोटीला ती उघडी पडतात, तेवढ्या वेळात झाडाने श्वास घ्यायचा. प्लास्टिकच्या पिशव्या तिथे अडकतात तेव्हा जीव कासावीस होतो तो याचसाठी. दिसायला तो नुसता कचरा असतो, पण तिथे झाडाचं नाक बंद झालेलं असतं.

त्या मुळांमधून निवट्या उड्या मारत असतात. माशाने चिखलावर चालावं, डोळे डोक्याच्या वर काढून इकडेतिकडे बघावं, दुसरा निवटा जवळ आला की पाठीवरचं पर ताठ उभं करून त्याला हुसकावावं, हे बघायला दुर्बीण लागत नाही. चवड्यावर बसायचं आणि हालचाल करायची नाही, दोन-तीन मिनिटांत बिळांची सगळी तोंडं जिवंत होतात. एक नांगी भली मोठी आणि दुसरी इवलीशी असलेले नर खेकडे ती मोठी नांगी वर-खाली हलवत माद्यांना बोलावतात. सगळे एकदम हलवायला लागले की चिखलच थरथरल्यासारखा वाटतो. खाडीकाठच्या कोळी आणि आगरी घरांत निवट्यांचं कालवण आजही होतं. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात, हे सांगायला तिथे कुणाला पुस्तक उघडावं लागत नाही.

महाराष्ट्राने २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. त्याआधी २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला, असं स्पष्ट म्हटलं. या सगळ्याचा परिणाम दिसतो. माझ्या लहानपणी तिवरं म्हणजे डास, दारूच्या भट्ट्या आणि भराव टाकायची जागा, एवढीच ओळख होती. आज तिथे सुरक्षारक्षक गस्त घालतात, कॉलेजची मुलं कचरा गोळा करायला येतात. ऐरोलीत किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने खाडी दाखवतात. झाडांच्या बाबतीत आपण पुष्कळ शहाणे झालो आहोत. पण पक्ष्याला झाडाइतकीच उघडी, उथळ, सपाट जागाही लागते, आणि तिच्याकडे अजून 'रिकामी जमीन' म्हणूनच बघितलं जातं.

आता रोहितांकडे येते. आपल्याकडे दोन जाती दिसतात. मोठा रोहित चांगला सव्वा-दीड मीटर उंच, फिका, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित त्याच्या कमरेइतका, रंग गडद, चोच काळपट-तांबडी. ठाणे खाडीत येतात त्यात छोटेच जास्त असतात, आणि जगभरात संकटाच्या उंबरठ्यावर मानली जाते ती हीच जात. छोट्या रोहिताला खाताना जवळून बघणं म्हणजे निव्वळ चकित होणं. तो मान खाली सोडतो आणि चोच उलटी करून, म्हणजे वरचा भाग खाली अशी, पाण्यात बुडवतो. जीभ पंपासारखी इतक्या वेगाने मागेपुढे होते की गळ्यापाशी नुसती थरथर दिसते. चोचीच्या आत बारीक पट्ट्यांची दाट चाळण असते. पाणी आत, पाणी बाहेर, आणि आत उरतं ते डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यांनीच त्याची पिसं गुलाबी होतात. मोठा रोहित कोळंबीसारखे छोटे कवचधारी जीव, गोगलगायी, अळ्या असं काही खातो. तो एका जागी पाय आपटत गोल फिरतो आणि तळातला गाळ ढवळतो. ओहोटीनंतर चिखलावर त्याच्या या फिरण्याची माडाच्या आळ्यासारखी वाटोळी खूण उरते. शिवडीला अशा खुणांनी भरलेला चिखल मी पाहिला आहे, आणि मला तो पक्ष्यांइतकाच बघण्यासारखा वाटला.

थव्यात राखाडी रंगाची पोरं असतात. त्यांना पाहून कुणीतरी हमखास म्हणतं, 'हे वेगळे दिसतायत, आजारी आहेत का?' आजारी नसतात. पिल्लू राखाडीच जन्मतं, पूर्ण रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. जन्म होतो कच्छच्या रणात. पावसाळ्यात रणात पाणी साचलं की हे पक्षी तिथे चिखलाचे बुटके उंचवटे रचतात आणि प्रत्येक जोडी त्यावर एकच अंडं घालते. पिल्लाला आई-बाप दोघंही आपल्या अन्ननलिकेत तयार होणारं लालसर दूध पाजतात, आणि पाजता पाजता त्यांचा स्वतःचा रंग उतरतो. हे वाचलं त्या दिवसापासून फिका पडलेला मोठा पक्षी दिसला की मी जरा जास्त वेळ बघते.

शिवडीला ते मोठ्या संख्येने दिसायला लागले ते १९९० च्या दशकात. तेव्हापासून दर हिवाळ्यात येत आहेत, आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या २०१९ च्या गणनेत हा आकडा लाखाच्या पुढे गेला होता. नोव्हेंबर-डिसेंबरात यायला लागतात, मे अखेर पावसाचे ढग दिसले की जातात. २०२२ मध्ये सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी इथल्या सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. त्यातल्या एकाला नाव दिलं हुमायून, पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलाली यांच्या आठवणीत. हुमायून इथून भावनगरकडे गेला आणि पुढच्या हंगामात परत याच खाडीत आला. 'तेच पक्षी परत येतात का हो?' या प्रश्नाला आता नकाशावरच्या रेषेने उत्तर देता येतं.

इतके पक्षी का येतात, याचं उत्तर ऐकायला फार सुखाचं नाही. आपल्या संडास-बाथरूमचं, गटारांचं पाणी खाडीत येतं. भांडुप आणि घाटकोपरच्या केंद्रांतून प्रक्रिया केलेलं येतं आणि नाल्यांतून न केलेलंही येतं. त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर, त्यावर शेवाळ माजतं, शेवाळावर छोटे रोहित जगतात. म्हणून काही जण म्हणतात, बघा, प्रदूषणाने फायदाच झाला की! मला हे बोलणं लागतं. खाडी एकट्या रोहिताची नाही. शेवाळ फार माजलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा जगत नाही. खाडीकाठचे म्हातारे कोळी बोईट, खरबी, जिताडा, कोळंबी अशी नावं घेतात आणि मग सांगतात की आता जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं. एका जातीला मेजवानी आणि बाकीच्यांना उपास, अशा खाडीला निरोगी म्हणणं मला जमत नाही. रोहित आले म्हणजे सगळं ठीक आहे, हा दिलासा सगळ्यात सोयीचा आहे. म्हणूनच त्याच्यापासून सावध राहायला हवं.

ऐरोलीच्या एका कोळी मामांशी माझी ओळख बोटीवर झाली. आता बोट चालवत नाहीत, मुलगा चालवतो, पण काठावर येऊन बसतात. मी त्यांना विचारलं, मामा, भरतीला हे सगळे जातात कुठे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. म्हणाले, "पानी चरला का उबं रव्हाला जागा नको का त्याना? पोहत थोरीच बसनार!" मग हाताने दक्षिणेकडे, नेरूळच्या अंगाला दाखवलं, आणि मग पश्चिमेकडे, भांडुपच्या मिठागरांकडे.

मामांनी एका वाक्यात सांगितलं तेच शास्त्रज्ञांचे अहवाल पानोपानी सांगतात. रोहिताला पोहता येतं, पण तो तासन् तास पोहत राहू शकत नाही. तुतवार, चिखल्या, शेकाट्या यांना तर उथळ पाण्याशिवाय गत्यंतरच नाही. उधाणाच्या भरतीला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि खाडीतला चिखलाचा सगळा विस्तार त्याखाली जातो. त्या चार-पाच तासांसाठी पक्ष्यांना जवळपास अशी जागा हवी जिथे पाणी गुडघ्याखाली राहतं, कुत्री-माणसं फिरकत नाहीत आणि चारी बाजूंनी दूरवर दिसतं. तिथे ते विसावतात, पिसं साफ करतात, एका पायावर झोपतात. पाणी उतरलं की परत चिखलावर, जेवायला. दिवसातून दोनदा, रात्रीसुद्धा. चंद्र त्यांना रोज पाऊण तास पुढे सरकवतो आणि ते त्याप्रमाणे जगतात.

नेरूळचं डीपीएस शाळेमागचं तळं, एनआरआय कॉम्प्लेक्स आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ, उरणकडे बेलपाडा आणि पाणजे, इकडे भांडुपची तळी आणि मिठागरं, या त्यांच्या विसाव्याच्या जागा. आता नकाशावर अभयारण्याची रेषा बघा. ती वाशी आणि ऐरोलीच्या पुलांमध्ये आहे. शिवडी तिच्याबाहेर. नेरूळचं तळं बाहेर. उरणच्या पाणथळी तर खूपच बाहेर. कायद्याने पक्ष्याला ओहोटीचं ताट राखून दिलं आहे, भरतीची ओसरी नाही. रेषा आखणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. २०१५ साली जे मिळालं तेच मोठं होतं. पण त्या रेषेवर समाधान मानलं तर अभयारण्य अर्ध्या दिवसाचंच राहतं.

अर्ध्या दिवसाच्या अभयारण्यात काय होतं, ते २०२४ च्या उन्हाळ्याने दाखवलं. डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी यायचे मार्ग बुजले. भरतीचं पाणी आत येईना, तळं वाळत गेलं आणि तळाला भेगा पडल्या. मी एप्रिलमध्ये तिथे गेले होते. जिथे आधीच्या वर्षी माना पोटात घालून झोपलेले पक्षी पाहिले होते, तिथे मुलं क्रिकेट खेळू शकतील इतकी कडक जमीन होती. बिचारे पक्षी सवयीने येत होते, वर घिरट्या घालत होते, खाली उतरत होते, पुन्हा उठत होते. त्याच दिवसांत आसपासच्या रस्त्यांवर, इमारतींच्या आवारात काही रोहित मेलेले आणि काही पाय मोडलेले सापडले. शेजारच्या सीवूड्सच्या रहिवाशांनी, त्यातही बायकांनी, जे केलं ते मी जवळून पाहिलं. टोपल्या, चादरी घेऊन जखमी पक्षी उचलणं, बचाव पथकाला फोन करणं, तळ्याच्या काठावर माणसांची साखळी करून उभं राहणं, अर्जांवर अर्ज. रविवारी सकाळी नातवंडांना शेजाऱ्यांकडे सोडून आलेल्या आज्या त्यात होत्या.

आणि २० मे. त्या रात्री दुबईहून येणारं एक विमान मुंबईत उतरता उतरता रोहितांच्या थव्यात शिरलं. विमान सुखरूप उतरलं. घाटकोपर पूर्वेला, पंतनगर-लक्ष्मीनगरच्या भागात पक्षी पडले, गच्च्यांवर, रस्त्यावर, पत्र्यांवर. मोजले तेव्हा चाळीसच्या जवळपास भरले. मुलुंडहून घाटकोपर लांब ते कितीसं! दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये लोक हळहळत होते. ज्यांनी कधी रोहित पाहिले नव्हते, ते एकमेकांना मोबाइलवर फोटो दाखवत होते. माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी म्हणाली, "एवढे मोठे असतात हे?" शहरातल्या पुष्कळ माणसांची आणि या पक्ष्यांची पहिली भेट अशी झाली, याचं मला अजून वाईट वाटतं. ते त्या वेळी त्या वाटेवर का होते, यावर खूप चर्चा झाली. हक्काच्या जागांवरून हाकललेले पक्षी रात्री-अपरात्री जास्त उडतात, हे मात्र पक्ष्यांबरोबर राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

अटल सेतूबद्दल लोक मला नेहमी विचारतात. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. शिवडीच्या चिखलावरूनच तो निघतो. आवाज अडवायला तिथे कडेने पडदे लावले आहेत. बांधकामाच्या वर्षांत पक्षी तिथून सरकले होते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. नंतर काही परतले. रोहित फार चिवट आहेत, पण त्यांच्या चिवटपणावर किती भार टाकायचा यालाही काही मर्यादा हवी. एक जागा बिघडली तर ते दुसरीकडे सरकतात, दुसरी बिघडली तर तिसरीकडे. चौथी शिल्लक आहे का, हे कुणीतरी आधी बघायला हवं ना?

यात एक आनंदाची गोष्टही घडली. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याचा सुमारे ३० एकर भाग फ्लेमिंगो संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. अभयारण्याच्या रेषेबाहेरची, फक्त भरतीच्या विसाव्याची जागा त्या कामासाठी म्हणून राखली जावी, हा विचार सरकारी कागदावर आला. बातमी वाचली तेव्हा मी रडले. काठावर साखळी करून उभ्या राहिलेल्या त्या आज्यांचा हा विजय आहे.

आता इकडे माझ्या बाजूला बघते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीकरांच्या घरांसाठी भाडेपट्ट्याने घ्यायचं ठरवलं. घर प्रत्येकाला हवं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं राहतात हे मी नातेवाइकांकडे पाहत मोठी झाले आहे, त्यामुळे पक्ष्यांसाठी माणसांनी घराबाहेर राहावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण मिठागरं ही रिकामी जमीन आहे, हे मला मान्य नाही. शतकानुशतकं भरतीचं पाणी बांधांमधून आत घेऊन, पसरवून, सुकवून इथे मीठ पिकवलं गेलं, कारण ही जमीन मुळातच पाण्याच्या येण्याजाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा पाण्याला पसरायला जागा नसली की काय होतं, ते आपण सगळ्यांनी छातीभर पाण्यात उभं राहून बघितलं आहे. ज्या जमिनीवर उधाणाला शेकाट्या उभा राहतो, तिथेच मुसळधार पावसात मुलुंड-भांडुपचं पाणी थांबतं. त्या जमिनीवर घर देताना आपण त्या कुटुंबाला नक्की काय देतो आहोत, हा प्रश्न पक्षीवेड्यांनीच विचारायचा असं नाही. तो धारावीच्या माणसानेही विचारायला हवा, कारण तळमजल्यावर त्यालाच राहायचं आहे.

भांडुपच्या वाटेवर मला कधी कधी कोल्ह्याचे पाय दिसतात. ओल्या चिखलात कुत्र्यापेक्षा अरुंद, एका ओळीत पडलेले ठसे, आणि बांधावर वाळलेली विष्ठा, तिच्यात खेकड्याच्या कवचांचे तुकडे. सोनेरी कोल्हे विक्रोळी, कांजूर, तुर्भ्याच्या कांदळवनांत राहतात, हे मुंबईतल्या बहुतेकांना खरं वाटत नाही. संध्याकाळी त्यांची कोल्हेकुई ऐकू आली की जवळच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागतात. भटक्या कुत्र्यांबरोबर वाढलेली ही जवळीक चांगली नाही, रेबीज त्याच वाटेने कोल्ह्यांत पोचतो. तिवरांना भिडून भराव पडत गेला, दिव्यांच्या उजेडात वस्ती पुढे सरकत गेली की कोल्ह्यालासुद्धा रोहितासारखाच प्रश्न पडतो. भरतीला कांदळवनात पाणी भरतं, तेव्हा बांधाशिवाय त्याला कोरडी जागा नाही. बांधापलीकडे आपण.

आम्ही काही जण गेली काही वर्षं एक काम करतो. उधाणाच्या दिवशी, भर भरतीच्या वेळी, आपापल्या वाट्याच्या पाणथळीवर जातो. कुणी नेरूळला, कुणी भांडुपला, कुणी शिवडीला. फोटो मिळत नाहीत अशी ती वेळ, त्यामुळे गर्दी नसते. बघायचं एवढंच की पाणी आत येणाऱ्या नळाचं तोंड मोकळं आहे का, कुठे नवा भराव पडलाय का, कुत्र्यांची टोळी आहे का, आणि पक्षी उतरले आहेत की वरच फिरतायत. वहीत लिहायचं, तारीख आणि वेळ घालून, आणि संध्याकाळी एकमेकांना पाठवायचं. डीपीएस तळ्याच्या वेळी अशा नोंदी अर्जांना जोडता आल्या, तेव्हा त्यांचा उपयोग कळला. मुलुंडच्या मिठागरांकडे जाणारं माणूस सध्या आमच्यात मी एकटीच आहे. तुम्ही नाहूर-मुलुंडला राहत असाल, सकाळी एखादा तास मोकळा असेल आणि तिथीची पाऊणपट करता येत असेल, तर या. दुर्बीण नसली तरी चालेल. गमबूट मात्र हवेत.